रिकाम्या नळीतलं शिखर

आभाने सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद केला, पंप लावून नळी पार रिकामी केली आणि लेझर सोडला. पडद्यावरच्या रेघेत शिखर उमटलं. आता बोला. आत वायूच नाही, मग लेझरने वळवलं कुणाला?

लेझरच्या झोताने वायूचे रेणू एका दिशेला वळतात. ते वळणं दुसऱ्या बारीक किरणाने टिपायचं, एवढाच आभा आणि तिचे मार्गदर्शक शरच्चंद्र सर या दोघांचा खटाटोप. दसऱ्यानंतर हे शिखर दिसू लागलं तेव्हा सरांनी सगळ्या कॉलेजला पेढे वाटले होते. नळी रिकामी करून बघावी, हे कुणाला सुचलंच नाही. आनंदात सुचतं कुठे? आता छापायला पाठवलेला शोधनिबंध तपासणाऱ्याने नेमकं तेवढंच मागितलं होतं.

"व्हॉल्व्ह गळत असेल," सर म्हणाले. शनिवारी ते निवृत्त होणार होते. उन्हाळ्यात याच लेझरने त्यांचा उजवा डोळा नेला, तरी ते रोज येतच राहिले.

"नाही सर, दाब बघा ना. आत काहीच नाहीये."

लेझर बंद करून आभाने नळीच्या काचेवर टॉर्च मारला. किरण शिरतो त्याच जागी बोटाएवढा लाल डाग होता, मधोमध भाजून काळा पडलेला. कुंकू. खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली होती. दरवर्षी कुंकवाचं बोट काचेभोवतीच्या लोखंडी कड्याला टेकायचं. पूजा सरच करायचे.

"काय आहे गं?"

तिने टॉर्च डागावर तसाच धरून ठेवला. सर जवळ आले, मान वाकडी करून डाव्या डोळ्याने बघत राहिले. एका डोळ्याने अंतर कळत नाही, हे ते दरवर्षी पहिल्याच तासाला मुलांना एक डोळा मिटून दोन पेन्सिलींची टोकं जुळवायला लावून शिकवायचे.

"स्पिरिट घे. पूस ते."

"सर, शिखर या तापलेल्या कुंकवाचंच निघालं, तर निबंध मागे घ्यावा लागेल."

"पूस म्हटलं ना. तूच पूस. माझं बोट परत भलतीकडेच टेकेल."

तिने काच घासून घासून पुसली. लेझर पुन्हा लावला. पडद्यावर रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत सपाट गेली.

"येतंय का काही?" सरांनी मागून विचारलं.

पडदा तर त्यांच्या समोरच होता. तिने वळून पाहिलं. सरांनी डाव्या डोळ्यावर तळहात घट्ट दाबून धरला होता.