मागचं उत्तर

"नाना, चहा देऊ?" दैवशालाने विचारलं. नाना नुसते बघत राहिले. लकवा झाल्यापासून त्यांचं बोलणं विचारलेल्याशी जुळेनासंच झालं होतं.

"मला पुण्याला नोकरी लागली, नाना. जाऊ का?"

"न्हाई," नाना म्हणाले.

ती हिरमुसली आणि परतूरच्या बाजारासाठी बनवलेलं कापसाचा ओलावा मोजायचं यंत्र घेऊन बसली. तेही भ्रमिष्टासारखं वागत होतं. आलटून-पालटून तपासलं, तर ओला कापूस ठेवला की कोरडा दाखवी, कोरडा ठेवला की ओला. दुपारी कुठे घोळ सापडला. सुरुवातीचा एक आकडा बफरमध्ये, म्हणजे आकडे साठवायच्या जागेत, न वाचलेला पडून होता, म्हणून यंत्र दर वेळी मागच्या प्रश्नाचं उत्तर देत होतं.

ती थबकली. नानांजवळ जाऊन काहीतरी विचारायचं म्हणून तिनं विचारलं, "पाणी देऊ?"

"जा, माय," नाना म्हणाले. "पोचली की फोन कर."