यमाजीचं अवघड दुखणं

सरळगावच्या वळणावर एस.टी.नं दणका दिला आणि यमाजी कळवळून उभाच राहिला. दोन्ही हात धोतरावर, डोळ्यांत पाणी.

"काय झालं रे?" शेजारच्या हवालदारानं विचारलं.

"अंडात कळ आली, साहेब. एकदम."

खोटं नव्हतं. यमाजीच्या लंगोटात फुटबॉलचं रबरी ब्लॅडर बांधलेलं होतं. त्यात मोहाची दारू, टोकावड्याच्या भट्टीवरून नुकतीच उतरलेली आणि नको तितकी गरम. उद्या त्याच्या यमूचं लग्न. त्यांच्यात देवाला दारू शिंपडल्याशिवाय पोरीला हळद लागत नसे, आणि सरकारची दारूबंदी देवालाही सूट देत नसे. पकडला गेला तर पोर मांडवात आणि बाप कोठडीत.

हवालदार मात्र देवमाणूस निघाला. मुरबाडला त्यानं यमाजीला हाताला धरून उतरवलं आणि ओळखीच्या डॉक्टरकडे नेलं. "नको साहेब, आता बरं वाटतं," असं यमाजी वाटभर म्हणत राहिला. असल्या भल्या माणसाला फसवतोय याची त्याला लाजच वाटली.

"मार लागला?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाय."

"मुतखडा? त्याची कळ थेट तिथपर्यंत उतरते. गालगुंड झालं होतं?"

"नाय."

"मग गांजा? अफू? नशेपायीही दुखणी येतात."

"देवाशप्पथ नाय. आमी बिडीसुद्धा ओढत नाय."

"धोतर सोड."

यमाजीनं धोतर मुठीत आवळलं. "उद्या पोरीचं लगीन हाय, साहेब. मला जाऊ द्या."

"मग तर तपासायलाच पायजे," हवालदार मायेनं म्हणाला आणि त्यानं दाराला आतून कडी घातली.

तेवढ्यात पुन्हा चटका बसला. यमाजीची मूठ सुटली, धोतर सुटलं आणि ब्लॅडर धप्पकन फरशीवर पडलं. खोलीभर मोहाचा वास सुटला. यमाजीनं डोळे मिटले. हळदीवाचून बसलेली यमू त्याला दिसली आणि त्याला रडूच कोसळलं.

डॉक्टरांनी ब्लॅडर उचलून कानाशी हलवून पाहिलं.

"या आठवड्यातला हा तिसरा रोगी आणलात, हवालदार," असं म्हणत त्यांनी कपाटातून दोन पेले काढले.

"ह्याची निम्मीच काढा," हवालदार टोपी काढून बसत म्हणाला. "पोरीचं लगीन हाय."