टिंबांवर सही

माफीनाम्यात शिवीच्या जागी सहा टिंबं होती. क्रेनवालीने कागद वाचला आणि त्या टिंबांवर बोट ठेवलं.

"इथं काय आहे?"

"तुम्ही जे बोललात ते," मॅनेजर म्हणाले. "असलं टाइप कोण करणार, बाई? सही करा आणि विषय संपवा. नाहीतर उद्यापासून क्रेनची चावी दुसऱ्याकडे."

चावी टेबलावरच होती, लाल दोरीत ओवलेली. ती मिळवायला तिने दोन वर्षं शेडमधला लोखंडाचा कीस झाडला होता आणि पुढची दोन वर्षं हुकाला साखळ्या अडकवल्या होत्या. तेव्हा कुठे वरच्या केबिनमध्ये बसायला मिळालं. आता ती हातची जाणार होती. तरी पेन हातात घ्यावंसं वाटेना.

समोर सुपरवायझर बसला होता, मान ताठ, अंगावर साधा ओरखडाही नाही. काल दुपारी हाच माणूस टांगलेल्या गर्डरखाली उभा राहून फोनवर बोलत होता. साखळी सरकतेय हे वरून तिला दिसलं. नियमाप्रमाणे तिने तीनदा घंटा दिली. पण घंटा दिवसभर वाजते, तिला कोण विचारतो? मग तिने खर्रकन खिडकी सरकवली आणि ओरडली, "साहेब, बाजूला व्हा!" साहेबांचं बोलणं चालूच. तेव्हा तिने ठेवणीतला शब्द काढला. "रांडेच्या, हो बाजूला!"

हे मात्र ऐकू गेलं. सुपरवायझर लालबुंद होऊन तिला जाब विचारायला तरातरा पुढे आला, आणि गर्डर त्याच्या मागे पडला. तिथली फरशी अजून फुटलेली आहे.

"ही माझ्या आईवरून बोलली," सुपरवायझर मॅनेजरांना म्हणाला. "अख्ख्या शेडसमोर."

"तुम्हाला राग आला म्हणून तर तुम्ही जागचे हललात," ती म्हणाली.

साक्षीला फिटरमामांना बोलावलं होतं. हा शब्द मामांच्या तोंडात चोवीस तास मुक्कामाला. बोल्ट निघाला तरी तोच, नाही निघाला तरी तोच. नातू झाला तेव्हा "रांडेचा, अगदी माझ्यावर गेलाय" म्हणत ते शेडभर फोटो दाखवत फिरले होते, आणि याच सुपरवायझरने हसून त्यांची पाठ थोपटली होती. तिने त्या दिवसाची आठवण करून दिली.

"मामांचं वेगळं," सुपरवायझर म्हणाला. "त्यांना सवय आहे. बाईमाणसाच्या तोंडी हे शोभत नाही."

"मी वर शोभायला बसते का, साहेब?"

मॅनेजरांनी खोकल्याचं निमित्त केलं. मामा इतका वेळ टोपी हातात फिरवत होते. ते म्हणाले, "शोभेल असंही बोलली होती ती आधी. मी ऐकलं. तुम्हीच हलला नाहीत."

तिने पेन उचललं. सहा टिंबांवर रेघ मारली आणि वर तो शब्द लिहिला, शाळेतल्यासारख्या गोल, टपोऱ्या अक्षरात. मग 'माफी मागते' खोडून पुढे लिहिलं, 'पुन्हा कोणी खाली उभा राहिला तर पुन्हा हेच बोलेन.' खाली सही केली, पूर्ण नावाची, आणि कागद सुपरवायझरपुढे सरकवला.

"तक्रारदाराची सही इथं. आधी मोठ्यानं वाचायचं, असा तुमचाच नियम आहे."

त्याने वाचायला घेतलं. दोन ओळी झाल्या, तिसऱ्या ओळीवर गाडी अडली. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग मॅनेजरांकडे. रोज उठून हेल्परांना हाच शब्द ऐकवणारा माणूस, पण आता घसा साफ करण्यापलीकडे काही होईना.

तेवढ्यात पाळीचा भोंगा झाला.

"बघू नंतर," मॅनेजर म्हणाले.

तिने चावी उचलली. कोणीच अडवलं नाही.

लोखंडी शिडी चढून ती केबिनमध्ये बसली. नव्या साखळीने नवा गर्डर उचलला आणि तीनदा घंटा दिली. खाली कोणी मान वर केली नाही. सुपरवायझर फोन कानाला लावून, पाठमोरा, धोक्याच्या पिवळ्या रेषेच्या आत उभा होता.

तिने खर्रकन खिडकी सरकवली.

शब्द निघायच्या आत तो उडी मारून रेषेबाहेर झाला. तिने शब्द तोंडातच ठेवला, पुढच्या वेळेसाठी, आणि गर्डर खाली घ्यायला लागली.