आवक नंबर

दोनशे तेरा. भाविकाने आकडा पुन्हा पाहिला. विद्यापीठाची जुनी वेबसाइट नव्या सिस्टीममध्ये हलवायचं काम महिनाभर चाललं होतं आणि तक्रार निवारणाचं पान तिने सगळ्यात शेवटी उघडलं होतं. फॉर्मच्या मागे सहा वर्षांच्या तक्रारी साचल्या होत्या. प्रत्येकीसमोर एकच शेरा: न वाचलेली.

सत्त्याऐंशीवी तिची स्वतःची होती. चार वर्षांपूर्वी, पीएच.डी. करत असताना लिहिलेली. 'मार्गदर्शक हितेश सर रविवारी प्रयोगशाळेत एकटीला बोलावतात, दार लावून घेतात. मी नकार दिल्यापासून प्रबंधावर सही अडवली आहे.' पुढे तारीख, वार, वेळ. तेव्हा तिने पाच महिने उत्तराची वाट पाहिली. समितीने चौकशी केली असेल, आपल्यावर विश्वास बसला नसेल, असं धरून पीएच.डी. सोडली. वरश्याच्या घरून पेणला रोज एसटीने येऊन आता ती त्याच विद्यापीठात कंत्राटावर वेबसाइट सांभाळत होती.

आणि कोणी वाचलंच नव्हतं. पिंडालासुद्धा निदान कावळा शिवतो.

ती प्रविण सरांकडे गेली. ते वेबसाइट समितीचे प्रमुख. नव्या साइटच्या उद्घाटनाच्या नारळाची शेंडी नीट आहे की नाही ते बघत होते.

"अकरा चाळीसचा मुहूर्त आहे," ते म्हणाले. "उद्यापासून पितृपक्ष. आज चुकलं तर पंधरा दिवस गेले. काय राहिलंय?"

"तक्रारी, सर. दोनशे तेरा. नव्या साइटवर घ्यायच्यात."

"आवक नंबर आहेत?"

"ऑनलाइन आल्यात, सर. त्यांना कुठून आवक नंबर?"

"मग आल्याच नाहीत. आवक नंबर नसलेला कागद आपल्याकडे आलेला नसतो, एवढं कळायला हवं तुला." त्यांनी नारळ तबकात ठेवला. "फॉर्म घे, छान दिसतोय. आतलं राहू दे. अकरा चाळीसला जुना सर्व्हर बंद, विषय संपला. कुलगुरूंच्या सत्काराचे फोटो आले का सगळे?"

"तीन हजार आठशे. सगळे."

"शाब्बास. आणि पहिल्या पानावर 'प्रलंबित तक्रारी शून्य' जरा मोठं कर. तुझं कंत्राट या महिन्यात नव्याने व्हायचंय, लक्षात आहे ना?"

लक्षात होतं. जागेवर येऊन तिने शून्य मोठं केलं. त्याच्याखालीच तक्रार समितीच्या नव्या अध्यक्षांचा फोटो होता. हितेश सर. तो फोटो कालच तिने चौकटीत बसवला होता, चेहऱ्यावरचा उजेडही थोडा वाढवला होता. आता तिला स्वतःच्या बोटांची किळस आली. हात धुवून आली, तरी किळस गेली नाही.

साडेदहा झाले होते. स्टोअरमधून कोरा कागद मिळायला मागणीपत्र लागतं, त्यावर प्रविण सरांची सही लागते. कोपऱ्यात आजच्या कार्यक्रमाच्या उरलेल्या पत्रकांचा गठ्ठा पडला होता. एका बाजूला कुलगुरू हात जोडून उभे, दुसरी बाजू कोरी. तिने गठ्ठा प्रिंटरमध्ये घातला आणि पहिल्या तक्रारीपासून छापायला सुरुवात केली. कागद दोनदा अडकला. दोन्ही वेळा तिने शिव्या दिल्या, त्याही प्रिंटरला नव्हेत.

आवक-जावकच्या खिडकीत सीताबाई एकट्याच होत्या. वडखळकडच्या, खाडीकाठच्या खारातल्या. तीस वर्षं याच खिडकीत बसलेल्या.

"तू नाय गेलीस गो हॉलमंदी? पेढे हायेत."

भाविकाने गठ्ठा खिडकीतून आत सरकवला. "हे आवक करायचंय, सीताबाई."

"येवढा सगला?"

"दोनशे तेरा. प्रविण सर नको म्हणालेत. तुम्हाला बोलतील."

"बोलू दे." त्यांनी चष्मा लावला, शिक्क्याची तारीख तपासली. "खिडकीवर कागद आला का नंबर पडतो. मंग तो कोनाचा का असंना."

पहिला शिक्का बसला. मग दुसरा. सीताबाई कागद वाचत नव्हत्या. शिक्का, नंबर, रजिस्टरात नाव, पुढचा कागद. रजिस्टराचं पान भरलं, उलटलं. व्हरांड्यातल्या स्पीकरवर स्वागत झालं, शाली झाल्या. मग भाविकाला तो आवाज ऐकू आला. चार वर्षांत जराही बदलला नव्हता.

"आमच्या समितीला सांगायला आनंद होतो," हितेश सर सांगत होते, "की आज या विद्यापीठात एकही तक्रार प्रलंबित नाही."

खिडकीत शिक्का आपटला. हॉलमध्ये नारळ फुटला, टाळ्या पडल्या. अकरा चाळीस. जुना सर्व्हर बंद झाला असणार.

सीताबाईंचा हात थांबला. सत्त्याऐंशीवा कागद होता. त्यांनी वरचं नाव पाहिलं, भाविकाकडे पाहिलं आणि कागद डोळ्यांजवळ धरला. खालच्या तारखेपर्यंत सगळा वाचला, ओठ हलवत, सावकाश. भाविका खिडकीची चौकट धरून उभी होती. आपली तक्रार वाचली जात असताना आपण कुठे बघायचं, ते तिला कळेना.

"हा माइकवर बोलतो तोच ना?"

भाविकाने मान हलवली.

शिक्का फिकट उठायला लागला होता. त्यांनी खणातून शाईची बाटली काढली, गादीवर ओतली, बोटाने पसरली. बोट निळं झालं, ते पदराला पुसलं.

"थांब गो," त्या म्हणाल्या, "ही ठळक उठू दे."

आणि उभ्या राहून दोन्ही हातांनी शिक्का दाबला.