सूरजबाईंच्या परसातलं फूल

सूरजबाईंनी ते फूल तोडलं नाही. झाडाचा जीव दुखवायचा नाही, हा त्यांचा नेम. गळून पडलेलं उचललं, वाटीत ठेवलं आणि म्हसावद पालथं घालायला निघाल्या.

पांढरं, किंचित जांभळी झाक, मधोमध पिवळं. परसात वांग्यांच्या कडेला ते झाड आपोआप उगवलेलं. "हे आहे तरी काय, ते कळलंच पाहिजे," एवढंच त्या सुनेला म्हणाल्या.

सुनेच्या, म्हणजे कंचनबाईच्या, तोंडचं पाणी पळालं. असं फूल तिनंही जन्मात पाहिलं नव्हतं. जागा मात्र ओळखीची होती.

तिला पाचवा महिना लागला होता. आधीची दोन पोरं पोटातच गेलेली. या खेपेला तर पोटात पाणीसुद्धा ठरेना. एके दिवशी कुंपणापलीकडच्या भिकुबाईनं चुलीत भाजलेला बटाटा तिच्या हातावर ठेवला. "खाय माय, पोटमा जीव शे."

तो ठरला. दुसऱ्या दिवशीचाही ठरला. ज्या जैनाच्या घरात कांदा शिरत नाही, तिथं बटाट्याची काय कथा. तरी कंचनबाई रोज दुपारी घुंघट ओढून कुंपण ओलांडायची, खायची आणि मनातल्या मनात क्षमा मागायची. एकदा भिकुबाईनं दिलेला कच्चा बटाटा पदरात घेऊन येत होती, तर सासू समोर. घाबरून तिनं तो वांग्यांच्या कडेला पुरला. परत उकरायचा धीर झाला नाही.

आणि आता तो फुलला होता. माणसाचं पाप लपतं म्हणतात. हिच्या पापाला फुलं आली.

सासूला हे कळलं, तर ती भिकुबाईच्या घरची वाट बंद करणार. मग हेही पोर हातचं जाणार. कंचनबाईला दुसरं काही सुचत नव्हतं.

सूरजबाई वैद्यांकडे गेल्या. त्यांनी फूल हुंगून परत दिलं. मग म्हाताऱ्या उदेसिंगला परसात आणलं. त्याची हयात शेतात गेलेली. "पान वांगानामायक शे, पन वांगं नही," तो म्हणाला. "मन्ही दाढी पिकनी, असं फूल दखं नही." म्हसावदात तेव्हा बटाटा लावत होतं कोण? यायचा तो सुरतेच्या गाडीनं, पोत्यातून.

ती पोती नंदुरबारच्या स्टेशनवर उतरवून उतरवून भिकुबाईच्या भावाची, नथ्थूची, पाठ वाकली होती. सूरजबाईंनी शेवटी त्यालाच बोलावलं. कंचनबाई दाराआड भिंत धरून उभी राहिली. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

नथ्थूनं पान चोळलं, फूल उलटंपालटं केलं. "माले नही समजत, बाईसा. रानफूल व्हई."

तो गेला. कंचनबाईच्या जिवात जीव आला.

सूरजबाई आत आल्या. त्यांनी दार लोटलं आणि सुनेचा घुंघट आपल्या हातानं मागे सारला. तिच्या गालांकडे त्या जरा वेळ पाहत राहिल्या. चेहरा भरत चालला होता.

"वैद्य झाले, उदेसिंग झाला, नथ्थूसुद्धा झाला," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "गावात कुणालाच ओळखता येत नाही. आता खुशाल अख्खा वाफा लावू, बींदणी. भिकुबाईला तरी मी किती दिवस बटाटे आणायला धाडणार?"