दोघं हसतात

मामांनी लिहिलेली पानं मांडीवर ठेवून भाची पुन्हा हसली. पकडलेला चोर जीपमधून उडी मारून पळालाय. एका साहेबाला त्याच्यामागे गाडी घ्यायचीय, दुसऱ्याला आधी सगळ्यांनी सीटबेल्ट लावलेले हवेत. दोघांची तू तू मैं मैं संपायच्या आत चोरच परत येतो, कारण त्याची एक चप्पल जीपमध्ये राहिलीय.

"हे खरंच घडलंय?"

"चप्पल घेऊन गेलासुद्धा," मामा म्हणाले. "साहेबांचं भांडण चालूच होतं."

ते तिच्याकडे बाजू करून बसले होते. नोकरीभर त्यांनी पोलिसांची जीप चालवली. नजर रस्त्यावर आणि कान मागच्या बोलण्याकडे, ही सवय निवृत्त झाल्यावरही सुटली नव्हती.

भाची सिनेमे लिहायची. मामांनी भीतभीत तिच्या हाती पानं दिली, तेव्हा तिने नुसतं मन राखायला ती घरी नेली होती. आता मात्र ती उद्याच निर्मात्याकडे घेऊन जाणार होती.

"सगळं कसं जागच्या जागी आहे, मामा. आधी दोघांचं पटत नाही, तरी एका जीपमध्ये बसावं लागतं. मग गट्टी जमते. मग फाटतं. मग पुन्हा जुळतं, आणि शेवटी एक दुसऱ्यासाठी जिवावर उदार होतो. लोक पैसे भरून शिकतात हे. तुम्ही कुठे शिकलात?"

"शिकायचंय काय त्यात? तसंच झालं."

साहेबांची नावं त्यांनी बदलून इस्त्री आणि गबाळे अशी ठेवली होती. इस्त्रीसाहेबांच्या शर्टाला दिवसभर बसूनही चुणी पडायची नाही. गबाळेसाहेबांच्या शर्टाकडे बघून त्यांनी सकाळी काय खाल्लं ते सांगता यायचं. दोघांचे आवाज मामा हुबेहूब काढायचे. कुणी घरी आलं की काढून दाखवायचे. हल्ली फारसं कुणी येत नसे.

"एक विचारू? जीप कोण चालवतंय?"

"म्हणजे?"

"इथे लिहिलंय, जीप वळते. इथे, जीप थांबते. अख्ख्या सिनेमात जीप आपली आपणच चालतेय."

"गोष्ट दोघांची आहे," मामा म्हणाले.

भाचीने पानं उलटली. "बरं, हे बघा. गबाळे एका पाकीटमाराला सोडून देतो, त्याची आई अंथरुणाला खिळलीय म्हणून. इस्त्री ते वर कळवतो. गबाळेची बढती हुकते. इथवर झकास. पुढे दोघं शेजारीशेजारी बसतात, पण एकमेकांशी चकार शब्द बोलत नाहीत. आणि मग एकदम, 'घाटात जीप थांबते. दोघं बोलतात. दोघं हसतात.' बस्स. सगळा सिनेमा या सीनवर उभा आहे, मामा, आणि नेमकं इथेच एक वाक्य नाही. निर्माता पहिलं हेच विचारेल."

मामा उठले. रिकामे कप आत ठेवून आले. बसता बसता त्यांनी टेबल हाताने पुसलं.

"जीप थांबली कशामुळे?" तिने विचारलं.

"मी थांबवली."

तिने पानावरची नजर वर केली, तसे मामाच पुढे बोलू लागले.

"आधी मागे एवढी बडबड असायची, की हॉर्न दिला तरी ऐकू यायचा नाही. आणि आता दिवसच्या दिवस कुणी बोलायचं नाही. मला करमेना गं. त्या दिवशी घाटात गाडी कडेला घेतली. म्हटलं, साहेब, इंजिन तापलंय, वेळ लागेल. खाली उतरलो, बॉनेट उघडलं आणि त्याच्या आड उभा राहिलो."

"बिघडलं काय होतं?"

"काही नाही. पुसण्यासारखं होतं तेवढं पुसलं. मग पुसलेलं परत पुसलं. वारा एवढा, की आतलं अवाक्षर ऐकू येत नव्हतं. बऱ्याच वेळाने हाताखाली गाडी हलायला लागली. गबाळेसाहेब हसले की गाडी हलायची."

भाचीने पेनाचं टोपण काढलं. "काय बोलले?"

"मला काय माहीत? मी बाहेर होतो."

"नंतर सांगितलं असेल ना."

"मी बॉनेट खाली केलं, तसे गप्प झाले दोघं. झाली का दुरुस्त, म्हणाले. म्हटलं, झाली. मग निघालो." मामांनी टेबलावर पुन्हा एकदा हात फिरवला. "पुढे छान जमलं त्यांचं. आता घरंसुद्धा जवळजवळ घेतलीत म्हणे."

"मग आता तुम्हीच बोला. दोघांचे आवाज काढा, सुचेल ते बोला. मी लिहून घेते."

मामांनी घसा खाकरला. इस्त्रीसाहेबांसारखी मान ताठ केली. तोंड उघडलं. मग त्यांची मान सैल झाली.

"नाही येत," ते म्हणाले. "बाकी कुठलंही सांग, करून दाखवतो."

भाची त्या तीन वाक्यांकडे बघत राहिली. मग तिने पान सरळ केलं आणि त्याच्या कडेला काहीतरी लिहिलं.

"राहू द्या, मामा. कॅमेरा जीपच्या आत न्यायलाच नको. त्या वेळी तो बाहेरच ठेवू."

मामांना ते काही समजेना.

"बाहेर काय दाखवणार?" ते म्हणाले. "बाहेर तर कुणीच नव्हतं."