झटपट नर्सबाई

शाळेत इतिहास शिकवणं सोडून कोरीननं आठ महिन्यांपूर्वी पदवीधरांसाठीचा पंधरा महिन्यांचा झटपट नर्सिंगचा अभ्यासक्रम धरला होता. आज क्लीव्हलंडच्या इमर्जन्सी वॉर्डात ती एका माणसाची मांडी दोन्ही हातांनी दाबून उभी होती. पोलिसांच्या गोळीनं तिथली रक्तवाहिनी फुटली होती. त्याआधी त्यानं बायकोला सुरीनं भोसकलं होतं. ती शेजारच्या पडद्याआड शेवटच्या घटका मोजत होती. “सोड, सटवे!” म्हणत त्यानं कोरीनच्या तोंडावर ठोसा हाणला. दात ओठात रुतला. तेवढ्यात पडद्यापलीकडून डॉक्टरांचा आवाज आला, “गेली. थांबवा आता.” तो हसला. कोरीनची बोटं सैल झाली, रक्ताची चिळकांडी उडाली. “झटपट नर्सबाई, हात उचलू नकोस!” हेड नर्स ओरडली. कोरीननं गुडघा पलंगावर रोवून सगळा भार जखमेवर टाकला. “मरायचं नाही,” ती रक्त गिळत म्हणाली. “कोर्टात उभं राहायचंय तुला.”